‘आगरी’ म्हणजे नक्की काय? मिठाचं आगर, नारळाचं आगर आणि आग्र्याची गोष्ट

प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. विचारणारी मुलगी उरण तालुक्यातली, आगरी घरातली, सध्या पुण्यात शिकते. वसतिगृहात कुणीतरी तिला ठासून सांगितलं की तुम्ही मूळचे आग्र्याचे, म्हणून आगरी. वडील म्हणतात, आपले पूर्वज मिठागरात राबले म्हणून आपण आगरी. पण तिच्या आजीचं माहेर श्रीवर्धनकडचं. आजी ‘आगरान’ (आगरात) गेल्याच्या आठवणी सांगते तेव्हा त्यात नारळ-पोफळी असतात, मिठाचा खडासुद्धा नसतो. मग खरं कुणाचं? आणि या शब्दात काही कमीपणाचं आहे का? कारण शाळेत एकदोनदा तो तिला चिडवण्यासाठी वापरला गेला होता.

मी गेली पंचवीसेक वर्षं रायगड-ठाण्याच्या बोलींमधले शब्द गोळा करतो. या शब्दाबद्दल मला सर्वांत जास्त वेळा विचारलं जातं आणि सर्वांत जास्त चुकीची उत्तरंही याच शब्दाबद्दल ऐकायला मिळतात. म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

वडिलांचं बरोबर आहे आणि आजीचंही बरोबर आहे. आग्र्याची गोष्ट मात्र सोडून द्या. ती का सोडायची तेही सांगतो, पण आधी ‘आगर’ या शब्दाकडे जाऊ, कारण ‘आगरी’ त्याच्यातूनच निघाला आहे.

संस्कृतात ‘आकर’ म्हणजे खाण. अमरकोशात सरळ दिलंय, ‘खनिः स्त्रियामाकरः स्यात्’. पण खाण हा अर्थ पहिल्यापासूनच जरा सैल होता. एखादी गोष्ट जिथं विपुल सापडते, जिथून ती पुन्हा पुन्हा काढता येते, ती जागा म्हणजे आकर. रत्नांचा आकर तो रत्नाकर, म्हणजे समुद्र. कमळांचा आकर तो पद्माकर, म्हणजे कमळांनी भरलेलं तळं. (दिवाकर, प्रभाकर यांत शेवटचा ‘कर’ करणाऱ्याचा आहे, तो वेगळा.) पद्माकर हा शब्द इथं लक्षात ठेवा. तळ्यात कमळं कुणी खणून काढत नाही, ती तिथं उगवतात. तरी ती जागा कमळांचा आकरच. म्हणजे जमिनीतून खणून काढायचं आणि जमिनीतून उगवायचं, असे दोन्ही अर्थ या शब्दाच्या पोटात जुन्या काळापासून आहेत. तुमच्या आजीचं आगर आणि वडिलांचं आगर एकाच शब्दात कसं मावतं, याचं उत्तर इथंच आहे.

‘आकर’चा ‘आगर’ झाला तो बोलताना. दोन स्वरांच्या मध्ये अडकलेला ‘क’ बऱ्याच शब्दांत मऊ पडून ‘ग’ होतो. सकल-सगळा, मकर-मगर, बक-बगळा. त्याच वाटेनं आकर-आगर. यात ओढाताण करून बसवलेलं काही नाही. जुन्या प्राकृतात ‘आगर’ हे रूप सापडतं आणि आजच्या मराठीत ‘गुणांचं आगर’, ‘विद्येचं आगर’ असं आपण सहज म्हणतो, तेव्हा नकळत जुना अर्थच वापरतो.

आता मीठ. मिठाची जागा आणि खाण यांचा संबंध काय, असं वाटेल. पण आपल्याकडे राज्यकारभारानं मीठ कायम खनिजातच धरलं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात खाणींवरचा अधिकारी ‘आकराध्यक्ष’ ज्या अध्यायात येतो, त्याच अध्यायात मिठावरचा ‘लवणाध्यक्ष’ही येतो. आणि आपल्या महाराष्ट्रातलंच उदाहरण हवं असेल तर नाशिकच्या पांडवलेण्यांतले सातवाहनांचे लेख पाहा. गौतमीपुत्र सातकर्णी भिक्षूंना जमीन देतो तेव्हा त्या जमिनीला कोणकोणत्या जाचातून मुक्त केलं ते लेखात नोंदवतो. त्यात एक शब्द आहे ‘अलोणखादक’. लोण म्हणजे लवण, मीठ. या जमिनीत मिठासाठी राजाच्या माणसांनी खणू नये, असा त्याचा अर्थ लावला जातो. म्हणजे जवळजवळ एकोणीसशे वर्षांपूर्वी इथं मिठावर राजाचा हक्क होता आणि मीठ ‘खणायची’ वस्तू समजली जात होती. अशा देशात मिठाच्या जागेला ‘आकर’ म्हणजे आगर नाव पडलं, यात नवल नाही.

पण मला स्वतःला हा शब्द कोशापेक्षा एका आगराच्या बांधावर जास्त कळला. पेण-उरणच्या पट्ट्यात एका उन्हाळ्यात मी शब्द टिपायला गेलो होतो. सकाळचे नऊ वाजले असतील, पण पाय भाजत होते. ज्या म्हाताऱ्या गृहस्थांनी मला फिरवून दाखवलं त्यांनी सगळा क्रम समजावला. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला खाडीचं पाणी आत घ्यायचं आणि मोठ्या तलावात साठवायचं. तिथून ते उथळ वाफ्यांत सोडायचं आणि उन्हात तापत ठेवायचं. एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, असं ते घट्ट होत जातं. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी आटून दहाव्या हिश्श्यावर येईपर्यंत खाण्याचं मीठ खाली बसत नाही. त्याच्या आधी बसतो तो चुन्याचा कचरा, म्हणजे जिप्सम. आणि मीठ बसून गेल्यावर जे पाणी उरतं ते कडूजहर असतं. ते वेळेवर बाहेर काढलं नाही तर अख्खं मीठ कडवटतं. म्हणजे कुठलं पाणी कधी कुठं सोडायचं, यात सगळी विद्या. शेवटच्या वाफ्यातलं पाणी मला गुलाबीसर दिसलं. मी विचारलं, हे असं का? त्यांनी हाताची चार बोटं पाण्यात बुडवली, अंगठ्यावर घासली, आणि म्हणाले, “परवा पिकल.”

पिकेल. मीठ पिकेल. मी वहीत शब्द लिहिला आणि त्याच्याखाली दोन रेघा मारल्या. आपण मराठीत मीठ ‘पिकवतो’. त्याचं ‘पीक’ येतं, अवकाळी पाऊस आला की पीक ‘बुडतं’. हे वाफे, हे बांध, पाणी सोडायची वाट, सगळी भाषा शेतीची. वाफ्याची जमीन पायांनी तुडवून तुडवून टणक करतात, ती मशागत. हंगाम पावसाळ्यानंतर बांधांच्या डागडुजीनं सुरू होतो आणि मेअखेरीस, पहिल्या वळवाच्या भीतीनं संपतो. कोकणातल्या माणसाच्या लेखी मिठाचं आगर आणि नारळाचं आगर यांत फरक पिकाचा आहे, जागेच्या जातीचा नाही. दोन्हीकडे आखलेली, बांधलेली, पाणी फिरवलेली जमीन आहे आणि ती वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा देत राहते.

म्हणून किनाऱ्यावर खाली-वर फिरा, हा शब्द दोन्ही अर्थांनी भेटेल. दिवेआगर, गुहागर ही नावं तर सगळ्यांच्या तोंडी आहेत. तिथं आगर म्हणजे माड-पोफळीचं. अलिबाग-चौलच्या पट्ट्याला अष्टागर म्हणतात, आठ आगरांचा मुलूख. आठ कोणते याची यादी जो तो थोडी वेगळी देतो, पण अक्षी, नागाव, चौल, रेवदंडा, थळ, किहीम ही नावं बहुतेकांच्या यादीत असतात. आंग्र्यांच्या काळात हा शब्द चांगला रुळलेला होता. मुंबईत दादर-प्रभादेवीकडे ‘आगर बाजार’ आहे. त्या भागात एकेकाळी माडांच्या बागा होत्या, आणि मला त्या नावात हाच शब्द दिसतो. तर मुलुंड पूर्वेच्या मिठागर रोडचा अर्थ सांगायलाच नको. गोव्यात पेडणे तालुक्यात आगरवाडा आहे, आणि तिथं आजही मीठ पिकतं. एकोणिसाव्या शतकात मोल्सवर्थनं मराठी शब्दकोश केला, त्यातही ‘आगर’चे मिठाचा आणि बागेचा असे दोन्ही अर्थ नोंदलेले आहेत.

इथं एक चूक सांगून टाकतो, कारण ती मी पाट्यांवर, बातम्यांत, अगदी सरकारी कागदांवरही पाहतो. ‘मिठागार’ असं लिहितात. ‘आगार’ हा निराळा शब्द आहे, त्याचा अर्थ घर, कोठार. कारागार, धान्यागार, एसटीचं आगार हे त्यातले. मिठाचं कोठार असेल तर त्याला मिठागार म्हणा हवं तर. पण जिथं मीठ पिकतं ते मिठागर. एका कान्यानं शेताचं गोदाम होतं. आगरी माणूस गोदामाचा राखणदार नव्हता, तो पिकवणारा होता, म्हणून मला हा काना खटकतो.

आता ‘आगर’वरून ‘आगरी’. मराठीत धंद्याचं नाव बनवायची ही साधी, जुनी रीत आहे. तेल-तेली, माळ-माळी, पखाल-पखाली. तसंच आगर-आगरी. आगर कसणारा तो आगरी, बाईमाणूस आगरीण. एवढंच.

आणि याच रीतीनं आग्र्याची गोष्ट पडते. गावावरून माणसाला नाव द्यायचं तर मराठी माणूस ‘कर’ लावतो. आग्र्याहून आलेला माणूस आमच्याकडे आग्रेकर झाला असता. त्याहून मोठं कारण म्हणजे आग्र्याहून समाजच्या समाज उठून कोकणाच्या खाडीकाठी आला, असं सांगणारा कागद मला कधी दिसला नाही, आणि आगरी बोलीत उत्तरेकडच्या भाषेची जी खूण राहायला हवी होती तीही नाही. ही गोष्ट नुसत्या आवाजावरून जुळवलेली आहे. आपल्या नावासारखं एखादं मोठं, नामांकित नाव दिसलं की माणसाला तिकडून आल्यासारखं वाटतं. जवळजवळ प्रत्येक समाजाच्या बाबतीत हे घडलेलं आहे.

दुसरी एक व्युत्पत्ती समाजातलीच जाणती माणसं सांगतात, ती म्हणजे ‘आगळे’वरून आगरी. आगळे म्हणजे वेगळे, सरस. अभिमानाची गोष्ट आहे, पण बोली तिला साथ देत नाही. आगरी बोलीत ‘ळ’चा ‘ल’ होतो. काळा-काला, डोळा-डोला. म्हणजे आगळे असते तर ‘आगले’ झाले असते. ‘र’ होतो तो बहुधा ‘ड’चा, घोडा-घोरा, गाडी-गारी, झाड-झार. मग मूळ शब्द ‘आगडी’ मानावा लागेल, आणि तसा शब्द कुठं नाही. ‘अग्र’ म्हणजे पुढचा, पहिला, यावरून काढतात त्यांचंही असंच आहे. अर्थ गोड लागतो, पण त्या शब्दाचा माणसांच्या कामाशी, वस्तीशी काही संबंध दाखवता येत नाही. आणि ‘आंग्रे’? कान्होजी आंग्र्यांच्या घराण्याचं नाव आंगरवाडी या गावावरून पडलं. मुलूख एकच असल्यामुळे घोटाळा होतो, पण शब्द दोन आहेत.

व्युत्पत्ती खरी की जुळवलेली, हे ओळखायची माझी एक कसोटी आहे. तोच शब्द शेजारच्या भाषांत, वेगळ्या माणसांच्या बाबतीत, त्याच कामाला लागलेला सापडतो का ते पाहायचं. इथं तो सापडतो. गुजरातीत मिठाच्या वाफ्यांना ‘अगर’ म्हणतात आणि कच्छच्या छोट्या रणात, खाराघोड्याच्या बाजूला मीठ पिकवणारे लोक ‘अगरिया’. दक्षिणेला उतरा, उत्तर कन्नडमध्ये अंकोला-गोकर्णच्या किनाऱ्याला मिठाच्या कामाशी बांधलेला ‘आगेर’ समाज आहे. हे तीन समाज एकमेकांचे भाऊबंद नाहीत. त्यांच्या भाषा वेगळ्या, देव वेगळे, सोयरीक नाही. पण कच्छपासून कारवारपर्यंत एकाच किनाऱ्यावर, एकाच कामावरून, एकाच शब्दातून तिघांची नावं पडलेली आहेत. मला यापेक्षा भक्कम पुरावा नको. (मध्य भारतात लोखंड गाळणारे ‘अगरिया’ आदिवासी आहेत. नाव जुळतं, पण त्यांचं काम भट्टीचं. त्यांना या माळेत ओवू नका.)

आता वडिलांच्या म्हणण्यात एक दुरुस्ती. सगळे आगरी मीठच पिकवत होते, असं नाही. जुन्या नोंदींत आगऱ्यांची पोटनावं येतात. त्यात मीठ आगरी आहेत, ढोल आगरी आहेत, जस आगरी आहेत. आता विचार करा, ‘आगरी’ या शब्दाचाच अर्थ ‘मीठवाला’ असता तर पुढं ‘मीठ’ जोडायची गरज का पडली असती? ती पडली, कारण मीठ न पिकवणारे आगरीही खूप होते. बहुसंख्य तर भातशेती करणारेच होते. पण कसली भातशेती? इथं मला जरा थांबायचंय, कारण माझ्या मते या समाजाची खरी ओळख इथं आहे आणि बोलणारे नेमकं हेच वगळतात.

पेण, अलिबाग, पनवेल, उरण, ठाणे, भिवंडी इथल्या खाड्यांच्या काठची जमीन मुळात समुद्राची. भरतीला पाण्याखाली जायची, ओहोटीला चिखल. त्या चिखलात माणसांनी माती-दगडाचे बांध घातले, भरतीचं पाणी बाहेर अडवलं. आत पावसाळ्याचं गोडं पाणी साचू दिलं, त्यानं मातीतला खार धुऊन काढला, आणि काही वर्षांनी तिथं भात उभं केलं. या जमिनीला खार म्हणतात. खारघर, खारदांडा, अलिबाग-पेणचा खारेपाट, ही नावं तिथूनच आली. अशी जमीन बांध घालून लागवडीला आणायच्या जुन्या व्यवस्थेला शिलोत्री म्हणत. पनवेलजवळ ‘शिलोत्तर रायचूर’ नावाचं गाव अजून आहे.

या बांधाला एक दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. लाकडी झडप. ओहोटीला आतल्या पावसाच्या पाण्याचा जोर बाहेर लागतो, झडप उघडते आणि शेतातलं जादा पाणी खाडीत जातं. भरती आली की खाडीचंच पाणी तिला बाहेरून दाबून घट्ट बंद करतं. समुद्रालाच आपल्या दाराचा राखण्या केलेला आहे. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा उकिडवा बसून बराच वेळ बघत राहिलो होतो. हे कुठल्या अभियंत्यानं नकाशा काढून केलेलं नाही.

आणि बांधाला खांड पडली, म्हणजे तो फुटला, की दिवस-रात्र न पाहता गाव धावायचं. खारं पाणी एकदा शेतात शिरलं की त्या वर्षाचं पीक तर जातंच, पुढची दोन-तीन वर्षंही जमीन नीट देत नाही. म्हणून खारेपाटात बांधाचं काम एकट्याचं कधीच नव्हतं. या खाऱ्या मातीत टिकणारी भाताची वाणंही लोकांनीच निवडत आणली, काळा राता, भुरा राता. पुढं पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्रानं त्यांवर काम केलं. शेताच्या कडेच्या तळ्यात जिताडा वाढवायचा, खाजणात, म्हणजे भरतीचं पाणी येणाऱ्या चिखलाच्या जमिनीत, चिंबोऱ्या धरायच्या, बांधावर भाजी लावायची. मीठ, भात, मासळी, तिन्ही एकाच घरात. म्हणून कोशात ‘मीठ पिकवणारा’ एवढाच अर्थ दिला तर तो अपुरा पडतो. माझ्या वहीत मी असं लिहून ठेवलंय: आगरी म्हणजे खाऱ्या पाण्याच्या काठी जमीन बांधून ती पिकवणारा.

कोळ्यांशी गल्लत करू नका. हल्ली ‘आगरी-कोळी’ असा जोडशब्द इतका रुळलाय की बाहेरच्यांना तो एकच समाज वाटतो. गाणी, हळदी, जेवण, कार्ल्याच्या एकवीरेची पालखी, यांत खूप काही सामाईक आहे. पण कोळी समुद्रावर जाणारा आणि आगरी काठाची जमीन धरून राहणारा. दोन शब्द, दोन कामं.

समाजात सांगितली जाणारी आणखी एक कथा आहे, पूर्वज मुंगी-पैठणहून बिंब राजाबरोबर कोकणात आले ही. ती मी खोटी म्हणणार नाही. बिंबाबरोबर माणसं आल्याची आठवण उत्तर कोकणातल्या बऱ्याच समाजांत आहे. ‘महिकावतीची बखर’ राजवाड्यांनी १९२४ साली छापली, तिच्यात या बिंबाच्या राज्याची हकीकत आहे. पण ती कथा माणसं कुठून आली ते सांगते, शब्द कुठून आला ते नाही. माणसं पैठणची असोत की इथलीच, ‘आगरी’ हे नाव त्यांना आगरातच मिळालं. हे दोन प्रश्न वेगवेगळे ठेवले की निम्मे वाद तिथंच मिटतात.

आता कमीपणाचं. तुम्ही हे शेवटी, जरा चाचरत विचारलंय, म्हणून स्पष्ट लिहितो. शब्दात कमीपणाचा कणही नाही. कमीपणा आला तो जमिनीच्या मालकीतून. खार बांधली आगऱ्यानं, पण कागदावर ती बहुधा खोताची, सावकाराची. मीठ पिकवलं आगऱ्यानं, पण त्यावर हक्क सरकारचा, सातवाहनांपासून इंग्रजांपर्यंत. राबणारा एक आणि मालक दुसरा असला की राबणाऱ्याचं नाव हळूहळू शिवीसारखं उच्चारलं जातं. कुणबी, गावडा, या शब्दांचंही असंच झालं. पण हीच माणसं १९३३ साली अलिबागजवळच्या चरी गावात नारायण नागू पाटलांच्या पुढाकारानं एकत्र आली आणि खोतांची जमीन कसायची नाही असं ठरवून १९३९ पर्यंत संप चालवला. सहा वर्षं. भात पिकवणाऱ्यांनी भात न पिकवता, लाकूडफाटा विकून काढलेली सहा वर्षं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, त्यामागे याच मुलखातलं दुःख होतं. तुमच्याच तालुक्यात चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला. पुढं नवी मुंबईसाठी ९५ गावांची जमीन घेतली गेली तेव्हा दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये उरणला लोक रस्त्यावर उतरले, पाच जणांचे जीव गेले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचं तत्त्व त्या लढ्यातून मिळालं.

या सगळ्यात शब्दाचं काय झालं, ते मी जवळून पाहिलंय. मी काम सुरू केलं तेव्हा म्हातारी माणसं ‘आगरान’ म्हणायची, म्हणजे आगरात. आगरी बोलीत ‘घरान’, ‘गावान’ अशीच रूपं होतात. आता त्याच घरांत तरुण मुलं ‘प्रकल्पग्रस्त’ हा शब्द जास्त वेळा उच्चारतात. ‘आगरी’ दाखल्यावर आहे, टी-शर्टवर आहे, गाण्यात तर जोरात आहे, आणि मला त्याचा आनंद आहे. पण ‘आगर’ बोलण्यातून चाललाय. उघाडी, खांड, खाजण हे शब्दही त्याच्यामागून चाललेत. काल-परवा पनवेलजवळच्या एका चौदा वर्षांच्या मुलाला मी विचारलं, आगर म्हणजे काय? तो म्हणाला, “एसटीचं.” त्याचं काही चुकलं नाही. त्यानं दुसरं आगर पाहिलंच नव्हतं.

तुमच्याकडे मात्र एक गोष्ट आहे जी माझ्याकडे नाही, ती म्हणजे आजी. श्रीवर्धनकडे लहानाची मोठी झालेली आणि उरणला नांदलेली बाई, म्हणजे तिनं या शब्दाची दोन्ही अंगं स्वतः जगलेली आहेत. अशी माणसं मला सबंध आयुष्यात चार-पाचच भेटली. पुढच्या सुट्टीत घरी जाल तेव्हा तिला थोडं खोदून विचारा. माहेरच्या आगराला पाणी कसं शिंपायचे, रहाटानं की कसं? सासरच्या खारीतल्या प्रत्येक तुकड्याला नाव होतं, ती नावं काय होती? बांधाला खांड पडली की हाक कोण द्यायचं, आणि काय म्हणून? ती सांगेल तसंच, तिच्याच बोलीत लिहा. ‘पानी’ म्हणाली तर पानी लिहा, ‘झार’ म्हणाली तर झार. शुद्ध करायला जाऊ नका. फोनवर आवाज टिपता आला तर फारच उत्तम, कारण ‘आगरान’मधला शेवटचा ‘न’ ती कसा लांबवते ते कागदावर उतरत नाही.

आणि तिनं ‘आगर’ला तिसराच काही अर्थ सांगितला तर मला जरूर कळवा. मी माझ्या वहीत त्या शब्दाखाली अर्धं पान कोरं ठेवलंय.